कुदळ मारण्याआधी

प्रति,
नाशिक जिल्ह्यात दर पावसाळ्यात झाडं लावणाऱ्या सर्व संस्था, मित्रमंडळं, शाळा, कंपन्यांचे सीएसआर विभाग आणि रविवारी सकाळी टेकडीवर भेटणारे आमचेच ग्रुप

विषय : यंदा माळावर आणि कातळावर खड्डे न खणण्याबाबत

मंडळी, सप्रेम नमस्कार.

मे संपत आला. ग्रुपवर पाच जूनचे फ्लेक्स फिरायला लागलेत. रोपं किती, टेम्पो कुणाचा, वडापाव कुणाकडून, सगळी जुळवाजुळव सुरू आहे. म्हणून आत्ताच लिहितो. एकदा खड्डे खणून झाले की तुम्ही ऐकणार नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही ऐकलं नसतं.

सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला मी 31 वर्षं काढली. त्यातली शेवटची सात आणि निवृत्तीनंतरची सहा, अशी 13 वर्षं रविवारची सकाळ झाडांना दिली. सुरुवातीला मिळेल ते लावलं. गिरीपुष्प लावा, नुसती काडी टोचली तरी जगते, गुरं तोंड लावत नाहीत, असं सांगितलं की काड्या टोचायच्या. मग कळलं की ते मध्य अमेरिकेतलं झाड. तेव्हा शरमून देशी झाडांकडे वळलो. वड, पिंपळ, कडुनिंब, करंज. आता आपण बरोबर रस्त्याला लागलो, असं वाटलं. देशी झाडसुद्धा चुकीच्या जागी लावता येतं, हे कळायला मला एक धनगर भेटावा लागला.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. येवल्याच्या पुढे एका गावचं गायरान आम्हाला मिळालं. गावाचं नाव लिहीत नाही आणि पैसे देणाऱ्या कंपनीचंही नाही, कारण जागा पसंत करणारा मीच होतो. 2000 रोपं, ठिबक, तारेचं कुंपण, सगळा खर्च मंजूर. बहुतेक खड्डे जेसीबीने मारले होते, कडेचे आम्ही हाताने खणत होतो. तेवढ्यात दीडदोनशे मेंढरं घेऊन एक म्हातारबाबा कुंपणाशी येऊन थांबले.

"काय करू राह्यले, दादा?"

"झाडं लावतोय बाबा. सावली होईल तुमच्या मेंढरांना."

बाबांनी काठी हनुवटीखाली धरली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "मेंढरू सावली खातं का?"

आम्ही हसलो. ग्रामीण विनोद म्हणून मी तो घरी येऊन सांगितलाही.

त्याच सकाळी आमच्यातल्या एकाच्या कुदळीपासून हातभर अंतरावर टिटवीची अंडी दिसली. चार. खड्यांत आणि लेंड्यांत ठेवलेली, मातकट, वर काळसर डाग, चौघांची निमुळती टोकं आत वळलेली. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडून ओरडून थकली होती. आम्हाला वाटलं, तिची सवयच आहे. आम्ही अंड्यांभोवती दगडांचं कडं केलं, फोटो काढले, तीन फूट बाजूला दुसरा खड्डा घेतला आणि आपण फार जपून काम करतो अशा समाधानात घरी आलो. पुढच्या रविवारी दगडांचं कडं तसंच होतं. आत काही नव्हतं. टिटवीही नव्हती.

ठिबक चालू होतं तोवर झाडं तगली. मग मोटार गेली, मग निधी गेला. खाली मुरूम, वर वीतभर माती, त्यात वडाने मुळं कुठे टाकायची? उरली ती बाजूच्या जुन्या प्लॉटवरून बी पडून आलेली गिरीपुष्पं. आणि कुंपण उरलं. मेंढरांचा वाडा त्या वर्षापासून दुसऱ्या वाटेने जायला लागला.

नाशिक जिल्हा नकाशावर एक असला तरी निसर्गाच्या हिशेबाने तो एक नाही. इगतपुरीला पाऊस 3000 मिलिमीटरच्या घरात. तिथून सव्वाशे-दीडशे किलोमीटर पूर्वेला येवला-नांदगावकडे गेलं की 500 च्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. एवढ्या प्रवासात आपण सह्याद्रीच्या कड्यावरच्या दाट रानातून निघतो, पेठ-सुरगाण्याकडच्या सागाच्या पानझडी जंगलाची हद्द डावीकडे ठेवतो आणि उघड्या गवताळ माळावर उतरतो. प्रत्येक टप्प्यावर झाडं, गवतं, किडे, पक्षी आणि जनावरं यांची एकमेकांना धरून राहणारी वेगळी वस्ती आहे. आपली रोपांची यादी मात्र घोटीला तीच आणि नांदगावलाही तीच, कारण नर्सरी एकच असते.

माळाला आपण उजाड म्हणतो. उन्हाळ्यात गेलो तर तसा दिसतोही. ऑगस्टच्या अखेरीस जा. पवन्या, शेडा, मारवेल, डोंगरी, कुसळी अशी गवतं गुडघ्याला लागतात. कुसळीने तर पँटच्या शिवणीत घर केलेलं असतं. घरी आल्यावर बायको ती एक एक उपसते आणि बोलते ते वेगळं. या गवतांना भरभरून ऊन लागतं. सावलीत ती खुरटतात आणि काही वर्षांनी संपतात. म्हणजे आपण माळावर दाट झाडी लावतो तेव्हा तिथल्या रहिवाशांच्या तोंडचा घास काढतो. माळाची स्वतःची झाडं असतात, नाही असं नाही: हिवर, बाभूळ, खैर, बोर, पळस. पण ती लांब लांब, एकेकटी उभी असतात, मधे गवताला जागा सोडून.

आणि त्या गवतात राहतं कोण? चंडोल, धाविक, पखुर्डी हे सगळे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी. भोवत्या नावाचा शिकारी पक्षी हिवाळ्यात मध्य आशियातून येतो आणि रात्री गवतात चक्क जमिनीवर झोपतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्याला झाड नको असतं, हे मला खरंच वाटेना, संध्याकाळी डोळ्यांनी बघेपर्यंत. लांडगा, खोकड, तरस ही माळाचीच जनावरं. येवल्याकडच्या ममदापूरचं काळवीट तुम्हाला माहीत आहे. 2014 मध्ये तिथे संवर्धन राखीव क्षेत्र झालं. काळवीट लपून जगत नाही. लांबवरून धोका बघायचा आणि ताशी 80 किलोमीटरच्या वेगाने सुटायचं, ही त्याची पद्धत. त्याच्या नजरेच्या आड दाट झाडी उभी केली की ते काळवीट राहतं, पण त्याचं शस्त्र गेलेलं असतं.

माझा लाडका मात्र सरडा. दख्खनच्या माळावर गळ्याखाली पंखा असलेला सरडा असतो. पावसाळ्याच्या आधी, विणीच्या दिवसांत नर दगडावर चढतो आणि गळ्याचा पंखा उघडतो. निळा, काळा, नारिंगी. मादीला दिसावं आणि दुसऱ्या नराला समजावं म्हणून. 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी या सरड्यांचा एक वेगळा वंश, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ठरवला, तेव्हा त्याला शास्त्रीय नाव दिलं ते मराठीच : सरडा. आपल्या भाषेतला इतका साधा शब्द जगाच्या विज्ञानात गेला. आणि आपण काय करतो? रोपांभोवती आळी बांधायला माळावरचे दगड गोळा करतो. त्याचं व्यासपीठच उचलून नेतो.

तुम्ही म्हणाल, पूर्वी इथे जंगल होतं, ते तुटलं म्हणून माळ झाला. आम्ही फक्त परत लावतो आहोत. मीही तेच म्हणायचो, आणि घाटमाथ्याजवळ ते बऱ्याच ठिकाणी खरंही आहे. पण देशावरच्या कमी पावसाच्या पट्ट्यात गवताळ माळ फार जुना आहे, माणसाच्या कुऱ्हाडीच्या कितीतरी आधीचा. जुन्या मराठी ओव्या-कथांमध्ये या भागातली झाडं म्हणून बाभूळ, हिवर, खैर, तरवड हीच भेटतात, आणि ही सगळी उघड्या रानाची झाडं. माळाला 'पडीक' हा शिक्का मुख्यतः साहेबाच्या महसूल खात्यातून आला. ज्या जमिनीचा सारा येत नाही ती वाया गेलेली. साहेब गेला, शिक्का राहिला. आजही सातबाऱ्यावर पोटखराबा आणि सरकारी नकाशात पडीक जमीन असं वाचलं की आपल्या डोक्यात पहिला विचार येतो, इथे काहीतरी करायला हवं.

हे 'काहीतरी' किती मोठं होऊ शकतं ते आपण पाहिलं आहे. राज्यात 2016 मध्ये दोन कोटी, 2017 मध्ये चार कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी झाडांचं लक्ष्य होतं. आकडा असा फुगत गेला की जागा शोधावी लागते, आणि शोधणाऱ्याला सगळ्यात आधी माळ दिसतो. आमच्या सीएसआरच्या अहवालातही रकाना रोपांच्या संख्येचाच असतो. न खणलेल्या खड्ड्यांना रकाना नाही. गवतासोबत फोटोही चांगला येत नाही, हे मान्य.

कार्बनचा मुद्दा काढणारे असतात, त्यांच्यासाठी एवढंच: झाडाचा कार्बन बराचसा जमिनीच्या वर उभा असतो. गवताळ माळाचा बहुतेक कार्बन मुळांत आणि मातीत असतो. वणवा लागला, गुरं चरली तरी तो जागेवर राहतो. जेसीबीने सलग समतल चर मारताना आपण नेमकी तीच माती उलथी करतो.

आता कातळाबद्दल. इथे थोडा वेळ घेणार आहे.

अंजनेरी आपण सगळेच चढलो आहोत. वरचं सपाट पठार, काळा कातळ, कुठे बोटभर माती तर कुठे तीही नाही. याच डोंगरावरच्या कंदीलपुष्पाच्या एका जातीला 2006 मध्ये अंजनेरीचंच नाव मिळालं, आणि 2017 मध्ये अंजनेरी संवर्धन राखीव झाली. तिथल्या कड्यांवर गिधाडं आहेत, त्यांच्यासाठी सगळे हळहळतात, ते योग्यच आहे. मी तुम्हाला पायाखाली बघायला सांगतोय.

पावसाळ्यात कातळाच्या खळग्यांत पाणी साचतं. कडेच्या ओलसर जागी निळीजांभळी बारीक फुलं उमलतात, सीतेची आसवं. पंचवटीच्या गावात हे नाव वेगळं समजावून सांगावं लागत नाही. या झाडाला मातीतून फारसं काही मिळत नाही, म्हणून ते शिकार करतं. त्याला पाण्यात आणि चिखलात खसखशीएवढ्या पिशव्या असतात. एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या दाराशी असलेल्या केसाला लागला की दार उघडतं, पाण्यासकट तो आत ओढला जातो आणि दार बंद. पापणी लवायच्या आत. मी जन्मभर डाय आणि फिक्स्चर बनवले, मायक्रॉनमध्ये कामं केली. एवढ्या बारीक मापाचा, विजेशिवाय चालणारा व्हॉल्व्ह मला कुणी करून दाखवावा.

आता या झाडाला खत घातलेली चांगली माती द्या. ते जातं. नापीक जमिनीत टिकण्याचीच त्याची कसब आहे. माती सुपीक झाली की धसमुसळं तण येतं आणि याला ढकलून देतं. त्र्यंबक रस्त्याच्या एका डोंगरावर एका ग्रुपने गोण्यांतून लाल माती पाठीवर वाहून नेली होती, कातळावर वाफे करायला. त्यांचा घाम खरा होता. म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं.

खळग्यांतल्या पाण्याचंही तसंच. ही डबकी चार-पाच महिन्यांची. हिवाळ्यात आटतात. आपल्याला वाटतं, अरेरे, पाणी वाया चाललं. मग आपण सिमेंटचा बांध घालतो, डबकं बारमाही करतो, डास नकोत म्हणून गप्पी मासे सोडतो. पण आटतं म्हणूनच तिथे मासे नसतात, आणि मासे नसतात म्हणूनच बेडूक तिथे विश्वासाने अंडी घालतात. बेडकाची पिल्लं पाणी संपायच्या आत पाय फुटून बाहेर पडायची घाई करत असतात. तुम्ही पाणी टिकवलंत आणि मासे सोडलेत की ती पिल्लं माशांचा नाश्ता होतात. तिथे कोरडं पडणं हीच राखण आहे.

नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याबद्दल फार लिहीत नाही, ते आपलं सगळ्यांचं लाडकं आहे आणि 2019 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगाने महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, झालं. फक्त एवढं लक्षात घ्या की बंधाऱ्यामागे गाळ साचला म्हणून ते पक्ष्यांचं झालं. उथळ पाणी, चिखल, पाणगवत. पाटबंधाऱ्याच्या भाषेत जो दोष, तोच चमच्या पक्ष्याचा संसार. काठ 'सुशोभित' करायचे प्रस्ताव घेऊन तिथे कृपया कुणी जाऊ नका.

मग झाडं लावायचीच नाहीत का? हा प्रश्न मला प्रत्येक वेळी येतो, आणि विचारणारा जरा रागावलेला असतो. लावा की. नासर्डीच्या काठाने चाला, वाघाडीच्या काठाने चाला. जिथे अजून भिंत बांधलेली नाही तिथे वाळुंज, उंबर, जांभूळ, करंज, अर्जुन लावा. ओढ्याच्या कडेची ती मूळचीच झाडं. सिडकोतल्या, अंबडच्या रस्त्यांना दुपारी सावली नाही, तिथे लावा. शाळेच्या मैदानाच्या कडेला, शेताच्या बांधावर, सोसायटीच्या पार्किंगला. कठीण आहे, मला माहीत आहे. पाइपलाइन आडवी येते, केबल आडवी येते, कुणाची तरी गाडी आडवी येते. माळावर कुणी आडवं येत नाही. बाबा आले होते, पण त्यांचं आम्ही ऐकलं नाही.

आणि जी आहेत ती राखा. 2025 च्या शेवटी तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा शहर उभं राहिलं, मीही फलक धरून उभा होतो. नदीकाठची, वाढलेली, पाखरांनी भरलेली झाडं ती. अशा प्रत्येक वेळी एक आश्वासन ऐकू येतं: एकाच्या बदल्यात दहा लावू. टाळ्या वाजवण्याआधी कुणीतरी विचारा, की ही दहा कुठे लावणार? उत्तर बहुधा माळ हेच असतं. म्हणजे नदीकाठचं रान जातं आणि त्याची भरपाई म्हणून माळही जातो. तोटा दोनदा, आणि जमाखात्यात मात्र नऊ झाडं जास्त.

माझं मागणं फार नाही. नवी जागा हाती आली की कुदळ नेण्याआधी तिथे एक वर्ष नुसते जा. मृगात, भाद्रपदात, माघात. तिथे मेंढरं कोण चारतं, गवत कोण कापतं, त्यांच्याशी बोला आणि बोलताना फोन खिशात ठेवा. जागा माळाची निघाली तर तुमचा निधी दुसऱ्या कामाला लावा: घाणेरी, वेडी बाभूळ, सुबाभूळ, गिरीपुष्प या बाहेरून आलेल्या झाडांची नवी रोपं उपटणं, आणि गावाशी बसून कुरण राखण्याचं ठरवणं. पूर्वी गावोगावी राखीव रानं असायची. गवताला बी धरेपर्यंत आत कुणी जायचं नाही, मग कापणी, मग चराई. ते नवीन शास्त्र नाही, आपल्याच आज्या-पणज्यांची रीत आहे. कंपन्यांच्या मंडळींना एक वेगळी विनंती: अहवालात एक रकाना वाढवा, 'राखलेलं गवत, एकरांत'. छापून बघा, वाईट दिसत नाही.

आमच्या ग्रुपमध्ये यावरून भांडण झालं, हेही सांगतो. दोघं सोडून गेले. त्यातल्या एकाने आपल्या वडिलांच्या नावाने त्या गायरानात वड लावला होता आणि तो जगलेल्या मोजक्या झाडांपैकी आहे. तो वड आम्ही काढणार नाही. एकटं, लांब उभं राहिलेलं झाड माळाला चालतं, आणि चाललं नसतं तरी मला ते जमलं नसतं.

जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही त्याच गायरानावर जाणार आहोत. ग्रामपंचायतीशी बोलणं झालंय, ठरावाची प्रत माझ्याकडे आहे. तारेचं कुंपण सोडवायचं आहे, गिरीपुष्पाची नवी रोपं मुळासकट उपटायची आहेत आणि गोळा केलेले दगड माळावर परत पसरायचे आहेत. बाबा अजून आहेत. दसरा होईपर्यंत मेंढरं तिकडे वळवणार नाही, गवताला बी धरू दे, असं त्यांनीच सांगितलंय. टिटवी परत आली आहे असंही म्हणाले, पण कुठे बसली आहे ते मला सांगायला तयार नाहीत.

सकाळी साडेपाचला द्वारका सर्कलला जमू. तार सोडवायला हातमोजे आणि पक्कड ज्याची त्याने आणावी. वडापाव आमच्याकडे.

आपला,
सातपूरचा एक निवृत्त टूलरूमवाला